गाडीखाली कोण जाणार?

पत्र असं आहे (थोडं कापलंय):

"घणसोलीत राहतो. वय ४१. स्वतःची ४०७ (टाटाचा छोटा ट्रक) आहे, २०१४ ची, पुढे बॉनेटवाली. अडीच वर्षांपूर्वी मालावरची रस्सी आवळताना वरून पडलो आणि मणका मोडला. डी-१२ ला, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याला मार आहे, कमरेखाली काही कळत नाही. आता व्हीलचेअर. गाडीवर ड्रायव्हर ठेवलाय. आधी ऑइल, ग्रीसिंग, बेल्ट, लायनर सगळं मीच करायचो. आता दर महिन्याला गॅरेजचं बिल येतं आणि मी पैसे देतो. मिस्त्री म्हणतो मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरं की खोटं, मला बघता येत नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी खुर्चीतून उतरून गाडीखाली गेलो. खुर्ची सरकत लांब गेली आणि मोबाइल खुर्चीच्या पिशवीत. बायको बाजारातून येईपर्यंत पाऊण तास तसाच पडून होतो. तेव्हापासून घरात वाद. मोठा भाऊ म्हणतो, गाडी विक आणि शांत बस. बायको त्यावर बोलतच नाही. मांडीला थोडं भाजलं होतं, ते आता भरत आलंय. माझं चुकतंय का? आणि पुन्हा कधी स्वतः चालवता येईल का?"

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मला गिअरबॉक्स दिसला, दुसऱ्या वाचनात मांडी. भाजल्याचं एकच वाक्य आहे, तेही जाता जाता लिहिलेलं. मी तिथूनच सुरुवात करतो.

जुन्या वाचकांना माझी हकिकत माहीत आहे, तुम्हाला सांगतो. दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला. रबाळ्याला सत्तावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं, आधी बुटक्या स्टुलावरून, नंतर खुर्चीतून. त्यामुळे लोकांना वाटतं, खुर्चीतून गाडीचं काम कसं करायचं ते याला विचारा. अर्धंच खरं आहे ते. पोलिओत पायातली ताकद जाते, पण जाणीव शाबूत राहते. माझ्या पायावर वेल्डिंगची ठिणगी पडली की मी शिवी हासडतो. तुमच्या पायावर पडली तर तुम्ही पुढचा नट आवळत राहाल.

हा फरक मला एका ड्रायव्हरनं शिकवला. त्यालाही मणक्याचा मार होता. वायरिंग शिकायला माझ्याकडे यायचा, हात फार साफ. एक दिवस डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री त्यानं क्षणभर मांडीवर टेकवली. वास आधी मला आला. त्यालाही आला, पण त्याला वाटलं वायरचं कोटिंग जळतंय. पँट दूर केली तेव्हा रुपयाएवढा काळा डाग होता. ती जखम भरायला साडेतीन महिने गेले, आणि त्यातले बरेचसे त्यानं पालथं पडून काढले. ज्या भागाची हालचाल बंद झालेली असते, जिथे रक्त मंद फिरतं, आणि ज्याच्यावर आपण दिवसभर बसतो, तिथली जखम सहज भरत नाही. तेव्हा "भरत आलंय" हे कुणी बघून ठरवलं, ते मला कळवा. तुम्ही वरवर बघितलं असेल तर आजच डॉक्टरला दाखवा. कडा जाड झाल्या असतील, ओल येत असेल किंवा वास येत असेल तर उद्यावरही टाकू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चुकतंय का? गाडीखाली गेलात ते चुकलं. गाडीचं काम करायचं मनात आणलंत ते नाही. तुम्ही दोघं भाऊ या दोन गोष्टी एकच धरून भांडताय. खरं तर गाडीच्या कामातला फार थोडा भाग गाडीखाली असतो. तरुणपणी आपल्याला तोच मर्दानी वाटतो, म्हणून डोक्यात तोच बसलेला असतो.

खाली का जायचं नाही, तेही सांगतो. जॅक सुटणं, गाडी सरकणं हे धोके सगळ्यांनाच आहेत. पण धडधाकट मिस्त्री खडखडलं की कूस बदलून बाहेर निघतो, ते तुम्हाला जमणार नाही. शिवाय वरून काय ठिबकतंय ते तुमच्या अर्ध्या अंगाला कळत नाही. मिस्त्री लोक ऑइल गरम असताना काढतात, पातळ असतं म्हणून झटकन उतरतं. त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट खोलणं यापुढे तुमचं काम नाही. ते पोऱ्या करेल, तुम्ही बाजूला बसून ऑइलचा रंग बघा, दोन बोटांत घासून बघा, धातूची चमक लागते का ते बघा. हे बघणं पोऱ्याला येत नाही.

तुमच्यासाठी नियम सोपा आहे. जिथे पाय किंवा मांडी लागणार तिथे आधी हात. हाताची मागची बाजू, कारण तिला ऊब लवकर कळते. सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचा खालचा होज, मुंब्रा बायपासचा उतार उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक ड्रम, मे महिन्यात उन्हात उभा असलेला बंपर, सगळ्यांना हात लावून बघायचा, मगच खुर्ची पुढे घ्यायची. गाडी ट्रिपवरून आली की आधी चहा घ्या, जेवा, दोन तास जाऊ द्या. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर खोलायचं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पूर्वी उसळलं तर तुम्ही मागे उडी मारायचात. आता ते सगळं मांडीवर येईल. आणि बॅटरी कधीही मांडीवर घेऊन न्यायची नाही. अॅसिडचा थेंब पँट खातो, मग कातडी खातो, आणि तुम्हाला ते संध्याकाळी कपडे बदलताना कळतं.

अंगावर जाड जीन, वर चामड्याचा किंवा जाड रेक्झिनचा एप्रन, पायात बंद बूट. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. हे हसण्यावारी नेऊ नका. बुटात पडलेला एक आठ नंबरचा नट दिवसभर पायाखाली राहिला तर टाचेला भोक पाडतो. रात्री आरसा घेऊन मांड्या, बैठक, टाचा बघायच्या. जिथे दिसत नाही तिथे बायकोला बघायला सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, गाडीच्या पंचवीस ठिकाणी टॉर्च मारून बघता, तसंच हे.

आणि घड्याळ. कामात माणूस रमला की दोन तास कसे गेले कळत नाही, आणि तुमच्या बैठकीलाही ते कळत नाही. दर वीस मिनिटांनी मोबाइलवर गजर लावा. वाजला की पाना खाली, पुढे वाका, छाती मांड्यांवर टेकवा, दोन मिनिटं तसेच राहा. खुर्चीची गादी काढून फळीवर बसायचा मोह होतो, कारण गादी तेलकट होईल असं वाटतं. तसं करू नका. गादीवर रेक्झिनचं कव्हर शिवून घ्या. हवेची गादी असेल तर जास्तच जपा, लोखंडाचा कीस तिला पंक्चर करतो. जमलं तर कामाला एक जुनी खुर्ची वेगळी ठेवा, भरीव टायरची. घरातल्या खुर्चीचे रिम तेलकट झाले की बाथरूमच्या दारात हात सटकतो.

आता कामाकडे. खुर्चीत बसलं की बॉनेटवाल्या ४०७ मध्ये काय दिसतं? जाळी आणि बंपर. डिपस्टिक दिसतसुद्धा नाही. त्यामुळे माणूस खुर्चीच्या कडेवर सरकून, एका हातानं जाळी धरून वर ताणतो आणि खांदा घालवतो. खुर्चीत बसणाऱ्याचा खांदा गेला की पलंगावर चढणंही गेलं. म्हणून खांद्याच्या वर जोर लावायचं कोणतंही काम करायचं नाही. गाडी खाली येत नाही, तेव्हा आपणच वर जायचं. मार्केटात माल उतरवायचा धक्का असतो, त्याला मागून गाडी लावतात. तशीच तोंडानं लावायची. गोदामवाल्या कुणाशी तुमची ओळख असेल, रविवारी त्यांचा धक्का रिकामा असतो. फक्त धक्क्यावर जायला जिना नको, उतार हवा, आणि कडेला चार इंचाची पट्टी हवी, नाहीतर खुर्ची गाडीच्या आधी खाली जाईल. घराजवळ जागा असेल तर दीड फुटाचा ओटा बांधून घ्या. उतार एकास बारा धरला तर दीड फुटाला अठरा फूट लांबी लागते. गवंडी म्हणेल सहा फुटांत बसवतो. बसवू देऊ नका.

जमीन सपाट पाहिजे. तुमची खुर्ची सरकली याचं कारण ब्रेक ढिले हे असेलच, पण घणसोलीच्या आपल्या गल्ल्यांना नाल्याकडे उतार आहे, हेही आहे. रस्त्याच्या कडेला काम करायचं बंद करा.

पूर्वी पाना ओढताना तुम्ही पाय रोवायचात. आता पाय रोवले जात नाहीत, मग पाना फिरत नाही, खुर्ची फिरते. उपाय आहेत. खुर्चीच्या चारही चाकांना लाकडी गुटके. पाठ भिंतीला किंवा खांबाला टेकेल अशी खुर्ची लावा. नाहीतर मालाचा पट्टा घेऊन खुर्चीची फ्रेम गाडीच्या हुकाला बांधून टाका, पट्टे तुमच्याकडे पडलेच असतील. डी-१२ ला मार असल्यानं पोटाचे स्नायू बरेचसे तुमच्या ताब्यात आहेत, हे तुमचं नशीब. छातीच्या वर मार असलेल्या माणसाला एका हातानं स्वतःला धरावं लागतं, त्याच्याकडे कामाला एकच हात उरतो. तरी पहिले काही दिवस तुम्हीही डाव्या हातानं चेसिस धरूनच काम करा. पुढे झुकून ओढताना तोल कुठे जातो ते शरीराला नव्यानं शिकावं लागतं.

चाकाच्या नटांसाठी टॉमीवर पाइप घालून उड्या मारायचे दिवस गेले. गिअरचा चाकपाना मिळतो, लांब पल्ल्याचे ड्रायव्हर ठेवतात. हँडल फिरवलं की आतले गिअर जोर वाढवतात, एका हाताचं काम. पण तो जेवढ्या सहज खोलतो तेवढ्याच सहज जादा आवळतो, बोल्ट ताणतो. म्हणून शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानंच. चाक उचलायचं काम मात्र पोऱ्याचं, मांडीवर घ्यायचा विचारही नको.

चाक निघालं की मात्र तुमचं राज्य. ४०७ चा हब तुमच्या गुडघ्यांच्या आसपास येतो, उभा मिस्त्री तिथे उकिडवा बसतो, दर पाच मिनिटांनी कंबर धरतो. तुम्ही आधीच त्या उंचीला बसलेले आहात. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकलेली पाहिजे, नुसत्या जॅकवर नाही. ड्रम दुसऱ्यानं काढायचा, पण शू, स्प्रिंग, सिलिंडरची गळती, लायनर किती उरलाय हे सगळं तुम्ही बसल्या बसल्या कराल. एक सांभाळा. ड्रममधल्या भुकटीवर हवा मारू नका. तुमचं तोंड नेमकं तिच्या समोर असतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आणि खरी कमाई टेबलावर आहे. सेल्फ, डायनामो, वॉटर पंप, व्हील सिलिंडर, सगळं खोलून टेबलावर येतं. टेबल असं हवं की खालून गुडघे आत जातील. पुढे ड्रॉवर किंवा आडवी पट्टी असेल तर खुर्ची आत जात नाही, मग माणूस दिवसभर पुढे वाकतो. माझ्या दुकानातलं टेबल मी दोनदा कापलं तेव्हा उंची जमली. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा ते फार खाली गेलं, मग विटा लावल्या. त्या विटा अजून आहेत. वायरिंग, लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर मोटर हेही सगळं तुमचंच. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे दरवर्षी पासिंग, आरटीओची फिटनेस तपासणी. पासिंगच्या आधीचं हे किरकोळ काम गॅरेजमध्ये दिलं की किरकोळीचं मोठं बिल होतं.

पडलेला नट उचलायला लांब दांडीचं मॅग्नेट, डोक्याला टॉर्च, आणि मोबाइलला जोडायचा लांब वायरचा छोटा कॅमेरा. तो कॅमेरा घ्याच, स्वस्त मिळतो. तुम्ही लिहिलंत की मला बघता येत नाही. खाली शिरल्याशिवाय बघायची सोय तेवढ्यासाठीच आहे.

इथे एक बाजूची सूचना, तुम्हाला लागू नाही. डी-६ किंवा त्याच्याही वर मार असलेलं कुणी हे वाचत असेल तर, खालच्या अंगाला चटका, ओरखडा, भरलेली लघवी, यांतल्या कशानंही रक्तदाब एकाएकी उसळू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं, कपडे सैल करायचे, कारण शोधून दूर करायचं, आणि उतरत नसेल तर लगेच दवाखाना. असा माणूस गाडीवर काम करणार असेल तर सोबतच्या पोऱ्याला हे आधी शिकवून ठेवा.

लघवीवरून आठवलं. गॅरेजमध्ये आपल्याला जाता येईल असं मुतारीघर नसतं, म्हणून माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही हे करायचो, आणि मूतखड्यानं त्याची किंमत घेतली. घराजवळ काम करायचं हे आणखी एक कारण.

भाऊ आणि वहिनी. तुमचा मोठा भाऊ गाडीबद्दल बोलत नाहीये. तुमच्या त्या पाऊण तासाबद्दल बोलतोय, त्याला तसं बोलता येत नाही एवढंच. त्याच्याशी गाडी विकायची की नाही यावर वाद घालू नका, तो वाद तुम्ही जिंकलात तरी त्याची झोप परत येणार नाही. त्याला अटी सांगा, आणि त्या पाळताना दिसू द्या. एकट्यानं काम नाही. मोबाइल गळ्यात, पिशवीत नाही. गाडीखाली नाही. गरम इंजिनाजवळ नाही. वहिनी बोलत नाहीत, याचा अर्थ त्या भावाच्या बाजूच्या आहेत असा तुम्ही धरलाय. मला तसं वाटत नाही. बाजारातून आल्यावर त्यांना आधी रिकामी खुर्ची दिसली, नंतर तुम्ही. तो क्षण त्यांना सांगायचाय, आणि तुम्ही मात्र ऑइल सीलबद्दल बोलताय. आधी ऐका.

जमिनीवर उतरून परत खुर्चीत चढणं ही शिकायची गोष्ट आहे. ती गाडीसाठी नको, पडलात तर लागेल म्हणून शिका. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून. तिथे हे शिकवणारे थेरपिस्ट आहेत. एकदा जाऊन या. जाताना तुम्हाला करायच्या कामांची यादी न्या. "मला व्यायाम द्या" म्हणाल तर व्यायाम मिळेल. "मला ४०७ चा हब उघडायचाय, कसा बसू" असं विचारा.

चालवायचं म्हणाल तर स्वतःच्या वापराची गाडी हातानं चालवायची करून घेता येते, त्यासाठी आरटीओची परवानगी आणि तशा गाडीचा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीत अशा गाड्यांची कायद्यात नवी व्याख्याही आली. भाड्याची गाडी हा वेगळा मामला. तिच्या परवान्याला डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो आणि तिथे अडेल. आत्ता त्यात जीव अडकवू नका.

राहिलं ऑइल सील. मिस्त्री खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. मागचं सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, दिवस मोडतो, मजुरी मोठी. पण टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग फुटलं तरी ऑइल इंजिनाच्या मागच्या अंगानं ओघळत खाली येतं आणि नेमकं सील गेल्यासारखं दिसतं. पॅकिंग बदलायला गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. मी माझ्या आयुष्यात किमान चार गिअरबॉक्स या चुकीनं उतरलेले पाहिलेत. त्यातला एक माझ्याच शब्दावर उतरला होता, म्हणून आता मी घाई करत नाही.

तर पैसे द्यायच्या आधी एवढं करा. इंजिन गार असताना पोऱ्याकडून मागची बाजू डिझेलनं पुसून कोरडी करून घ्या, वरपासून खालपर्यंत. एक ट्रिप होऊ द्या. गाडी आली, गार झाली, की तो लांब वायरचा कॅमेरा वरून सोडा, टॅपेट कव्हरच्या कडेपासून सुरू करा आणि ओल कुठून सुरू होते ते शोधा. ओलीचं सगळ्यात वरचं टोक जिथे, गळती तिथे. वर कोरडं आणि फक्त गिअरबॉक्सच्या सांध्यातून ओल असेल तर मिस्त्री बरोबर आहे, करा काम, आणि जुनं सील परत मागून घ्या. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठाही टाकून ठेवा, पंख्याच्या खोक्याचा चालतो. तो काठीनं सरकवता येतो, खाली जावं लागत नाही. सकाळी डाग मोजा आणि मला फोटो पाठवा. फक्त पुठ्ठा ओढायच्या आधी त्याच्यावर खडूनं लिहून ठेवा, गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं. मी एकदा विसरलो होतो.